सखाहरीने चित्रं हलवली त्याची गोष्ट

उंबरडोह नावाचं एक गाव होतं. त्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा मुलगा राहायचा. चित्रं मात्र अशी काढायचा, की वडिलांच्या गिरणीच्या भिंतीवर त्याने रंगवलेलं मांजर बघून उंदीर पिठाकडे फिरकत नसत. हात देवाने त्याला सढळ दिला होता. डोकं द्यायची वेळ आली, तेव्हा देव बहुतेक जेवायला गेला होता.

शहरातल्या विद्यापीठात ॲनिमेशन शिकवतात, म्हणजे चित्रं हलवायला शिकवतात, असं कुणीतरी सांगितलं. सखाहरीला प्रवेश मिळाला. निघताना आई म्हणाली, "बाळा, मॅडम सांगतील त्यातला शब्द इकडचा तिकडे करू नकोस."

"नाही करणार," सखाहरी म्हणाला.

आणि त्याने खरंच केला नाही. तिथेच सगळा घोळ झाला.

शिकवायला रणभिसे मॅडम होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "उद्या प्रत्येकाने उड्या मारणारा चेंडू करून आणा. पण नुसता चेंडू नको. त्यात जीव ओता!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी चित्रं आणली. सखाहरीने रबरी चेंडू आणला. चेंडू टेबलावर ठेवला. चेंडूने उडी मारली. मग दुसरी मारली. तिसरी थेट मॅडमच्या मांडीवर.

"यात काय आहे?" मॅडम किंचाळल्या.

"जीव," सखाहरी म्हणाला. "बेडकाचा. हवेसाठी भोकं पाडलीत."

मॅडमना पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "अरे, खरंखुरं काही आणायचं नाही! इथे 'काढा' म्हटलं की कागद घ्यायचा, पेन्सिल घ्यायची आणि काढायचं!"

"कळलं," सखाहरी म्हणाला.

दुपारी तो मेसवर जेवायला गेला. दारावर पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात.' सखाहरीने बाहेरच बसकण मारली. कागद घेतला, पेन्सिल घेतली. मेसच्या द्वारकाकाकू भांडी आवरायला लागल्या तरी हा आत येईना. त्या बाहेर आल्या.

"काय करतोयस रे?"

"चपला काढतोय."

"मग पायात काय आहे?"

"चपला."

"काढ ना मग!"

"काढल्या की. ही डावी. उजवीचा अंगठा तेवढा राहिलाय."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, काढ म्हणजे उतरव! उतरवायचं आणि नीट बाजूला ठेवायचं!"

"असं होय," सखाहरी म्हणाला. "कळलं."

दुसऱ्या दिवशी वर्गात कोंडाजी नावाच्या एका आजोबांना बसवलं होतं. डोक्याला गुलाबी फेटा, ओठावर झुपकेदार मिशा. मुलांनी त्यांच्याकडे बघून चित्र काढायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "घाई नको. आधी फेटा काढा. मग मिशा."

सखाहरी उठला. आजोबांचा फेटा उतरवला. नीट बाजूला ठेवला. मग शेजारच्या मुलीला विचारलं, "कात्री आहे का गं?"

आजोबा टुणकन उठले आणि दोन्ही हातांनी मिशा झाकून थेट फाटकाबाहेर गेले.

"सखाहरी!" मॅडम ओरडल्या. "माणसाला हात लावायचा नाही! लांब उभं राहायचं, मधे मधे करायचं नाही, आणि त्याची बारीकशी हालचालसुद्धा सोडायची नाही. टिपून घ्यायची!"

"कळलं," सखाहरी म्हणाला.

संध्याकाळी आवारात एक माणूस मॅडमच्या स्कूटरचं कुलूप तोडत होता. सखाहरी लांब उभा राहिला. कागद काढला. टिपायला लागला.

माणूस दचकला. "काय बघतोस रे?"

"तुमचं चालू द्या. मी मधे मधे करणार नाही. फक्त जरा हळू तोडा, मनगट नीट दिसत नाही."

माणसाने हळू तोडलं. सखाहरीने आभार मानले. मॅडम चालत घरी गेल्या.

आता मात्र विभागप्रमुख म्हणाले, "ह्या मुलाला गावी पाठवा." पण मॅडमनी ते मनगटाचं चित्र पाहिलं. असं मनगट त्यांच्या वर्गात कुणी काढलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "वर्षाअखेरची फिल्म करू दे. जमली तर राहील, नाही तर जाईल." मग त्यांनी सखाहरीचा कान धरला. "आणि तू ऐक! कुणी काही पळवताना दिसला तर बघत बसायचं नाही. चोर चोर म्हणून ओरडायचं, दिवे लावायचे, दार बंद करायचं, पोलिसांना बोलवायचं!"

"कळलं," सखाहरी म्हणाला.

तो कामाला लागला. जेवताना काढायचा, चालताना काढायचा. गोष्ट साधी होती. एक म्हातारी भाकरी थापते आणि एक कावळा टपून बसलेला असतो. कावळ्याची मान वळेना, तर मॅडम स्वतः टेबलावर चढून मान वळवून दाखवायच्या.

शेवटी तो दिवस आला. सभागृह भरलं. उंबरडोहहून टेम्पो भरून माणसं आली. अंधार झाला, फिल्म सुरू झाली. म्हातारीने पीठ मळलं, सखाहरीच्या आईचे हात सवयीने शिवशिवले. कावळ्याने मान तिरकी केली, अख्खं सभागृह हसलं. विभागप्रमुख मॅडमच्या कानात म्हणाले, "राहू द्या मुलाला." मॅडमनी डोळे पुसले.

तेवढ्यात कावळा झेपावला आणि त्याने भाकरी उचलली.

"चोर! चोर!" कुणीतरी बोंबललं.

सखाहरीच होता तो. त्याने खटाखट सगळे दिवे लावले. उजेडात पडद्यावरचं चित्र दिसेनासं झालं.

"पळाला!" म्हणत त्याने धावत जाऊन दाराला कडी घातली आणि फोन लावला. आत एकच गोंधळ. कुणी पाकीट चाचपतंय, कुणी खुर्चीवर चढलंय. हवालदार आले, तेव्हा कुठे कडी निघाली.

"कुठाय चोर?"

"होता. भाकरी घेऊन गेला."

"दिसायला कसा?"

"काळा. मान तिरकी. एका डोळ्याने बघतो."

हवालदारांनी लिहून घेतलं. "तू ओळखतोस त्याला?"

"ओळखतो म्हणजे काय साहेब!" सखाहरीची छाती फुगली. "चोरी करायला त्याला मीच शिकवलं. वर्षभर!"

हवालदारांनी त्याचं मनगट पकडलं. "एकट्यानेच?"

"छे हो," सखाहरी म्हणाला. ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव न घेणं त्याला बरं वाटेना. "कसं टपायचं, कधी झडप घालायची, ते सगळं आमच्या मॅडमनी दाखवलं."

आणि हवालदारांनी मॅडमनाही जीपमध्ये बसवलं.