जागेवरचा झेल

"नदीच्या वळणावरची वाळू पुढच्या सालापासून हैबतीला!" राजाने घाटावर बसल्या-बसल्या सांगून टाकले.

कलिंगडांचा ढीग रचणारी हौसा तशीच पुढे आली. पूर ओसरला की त्या वाळूची वाटणी दरसाल नव्याने होई, आणि वळणावरचा तुकडा तिच्या बापाला, केरबाला मिळे. तिथे धरत तशी कलिंगडे दुसरीकडे धरत नसत. त्यावरच त्यांचे घर चाले.

"महाराज, हैबती आपला जासूद, निरोप पोचवणारा! त्याला मळ्यातलं काय कळतं?"

"तो वाऱ्यासारखा पळतो. तुम्ही लोक दिवसभर काय करता? एक कलिंगड फेकतो, दुसरा झेलतो. झेलायला लागतात पाय!"

"हात लागतात, महाराज."

"हात काय, सगळ्यांनाच असतात!"

राजाने ढिगातले एक कलिंगड उचलून लांब भिरकावले. हैबती सुटला. ते पडायच्या आत तो खाली जाऊन उभाही राहिला! पण हात लाकडासारखे ताठ. कलिंगड हातांतून निसटून तोंडावर फुटले. मिशांतून बिया गळू लागल्या.

हौसाला हसू आवरेना.

राजाच्या भुवया चढल्या. "हसतेस काय? वेळेवर पोचला ना?"

"तोंड पोचलं, महाराज! हात मागून येत होते."

"एवढी शहाणी? मग पाय न हलवता झेलून दाखव! फेकणार मी. पाऊल उचललंस किंवा कलिंगड फुटलं, तर वाळू हैबतीची!"

केरबाने कपाळावर हात मारला. "पोरी, पाया पड आणि घरी चल!"

हौसा जागची हलली नाही. "उभं कुठं राहायचं, महाराज?"

"कुठंही राहा!" राजाने दुसरे कलिंगड उचलले. "तू उभी राहिलीस, की मग मी फेकणार."

हौसा पायऱ्या चढली. राजाच्या पुढ्यात वीतभर अंतरावर उभी राहिली आणि त्याच्या हातातल्या कलिंगडाखाली तिने तळवे धरले.

"फेका!"

राजाने कलिंगड डावीकडे नेले. तळवे डावीकडे. उजवीकडे नेले. तळवे उजवीकडे. डोक्यावर धरले, तर तळवेही वर! मागे टाकावे, तर मागे राणीसाहेब बसलेल्या.

"खबरदार!" राणीसाहेब म्हणाल्या.

कलिंगड चांगले आठ शेरांचे. राजाचे दंड भरून आले, कपाळाला घाम सुटला.

"सोडा, महाराज. जड आहे."

सुटलेच. हौसाने ते तान्ह्या पोरासारखे अलगद घेतले. पाऊल तसूभर हलले नाही.

"लबाडी!" हैबती ओरडला. "ही पळालीच नाही!"

"पळेन की, दादा," हौसा म्हणाली. "उभं राहायची जागा चुकेल त्या दिवशी!"

राजा आधी हैबतीच्या मिशांकडे, मग आपल्या दुखऱ्या दंडांकडे पाहून असा हसला, की राणीसाहेबांनाही पदर तोंडाला लावावा लागला.

"केरबा, वळणाची वाळू तुझी! आता दरसालची वाटणी नाही. तुझ्यामागे हौसाची, तिच्यामागे तिच्या लेकरांची! आणि हैबती, उद्यापासून महिनाभर मळ्यात जा. ही फेकेल, तू झेल!"