दोन कंपन्या आणि खुणांचं ॲप

एका तालुक्याच्या गावी कर्णबधिर मुलांच्या शाळेत वसुंधरा आष्टेकर नावाच्या बाई शिकवत. मुलं शाळेत खुणांनी बोलत, पण त्या खुणा घरी कोणालाच कळत नसत. म्हणून बाईंनी मोबाइलसाठी एक ॲप बनवलं. शब्द लिहिला की त्याची खूण दिसे, चित्रातली खूण निवडली की तिचा अर्थ. हळूहळू आईबाप मुलांशी बोलू लागले.

त्या वेळी मोबाइल बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या होत्या, सारंग आणि चकोर. दोघींच्या फोनमध्ये फरक असा काही उरलाच नव्हता. गिऱ्हाईक एवढंच विचारी, ‘यात ॲप कोणती मिळतात?’ म्हणून दोघींनी आपापलं ॲप स्टोअर मांडलं होतं. चांगलं ॲप आपल्याकडेच राहावं, दुसरीला मिळू नये, अशी दोघींची धडपड चाले.

बाईंचं ॲप दोन्ही स्टोअरमध्ये होतं, त्यामुळे त्या चढाओढीत बाई पिचून गेल्या. सारंगला चाललेलं चकोरला चालत नसे. एकीने नियम बदलला की सगळं पुन्हा करायचं. ते संपेतो दुसरीचं पत्र हजर. शाळा सुटली की बाई त्यालाच बसत. मान धरे, डोळे चुरचुरत.

एक दिवस सारंगचे अधिकारी केळुसकर शाळेत आले.

“ॲप फक्त आमच्याकडे ठेवा,” ते म्हणाले. “पुढचं सगळं काम आमचे इंजिनिअर करतील. बाई, तुम्ही फार दमला आहात.”

असं बाईंना बऱ्याच दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी करारावर सही केली. चकोरच्या स्टोअरमधून ॲप निघालं. महिनाभर बाईंना स्वस्थ झोप लागली.

मग एका सकाळी हौसाबाई आपल्या सगुणाला घेऊन आल्या. मुलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

“माझा जुना फोन बिघडला,” हौसाबाई म्हणाल्या. “नवा घेतला, तोही चकोरचाच. त्यात तुमचं ॲप मिळेना. ही दोन दिवस डोक्यापाशी बोट फिरवत होती. मी म्हटलं, जत्रेतला पाळणा मागतेय. काल जिन्यावरून पडली.”

बाईंनी ती खूण मुलांना स्वतः शिकवली होती. ती खूण चक्कर येण्याची होती.

“ती सांगत होती बाई,” हौसाबाई म्हणाल्या. “मलाच कळलं नाही.”

बाईंनी त्याच दिवशी केळुसकरांना फोन करून करार मोडायला सांगितलं.

“मग आमचे इंजिनिअर मिळणार नाहीत,” ते म्हणाले. “पुन्हा दोन्हीकडे तुम्ही एकट्याच खपणार?”

“हो. माझ्या शाळेतल्या अकरा घरांत चकोरचा फोन आहे.”

बाई पुन्हा कामाला बसल्या. चकोरने ॲप दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा घेतलं. दोन्ही कंपन्यांची भांडणं पुढे दुसऱ्याच एका ॲपवरून सुरू झाली. बाईंची मान दुखायची काही थांबली नाही.

पण ॲप आलं त्या संध्याकाळी हौसाबाईंनी फोनमध्ये पाहून चाचपडत खूण केली, ‘दुखतं का?’ सगुणाने आधी आईच्या हातांकडे पाहिलं, मग डाव्या हाताने उत्तर दिलं, ‘थोडं.’

तात्पर्य: मोठ्यांच्या चढाओढीत आपल्याला विसावा मिळत असेल, तर त्यासाठी कोणाचा आधार सुटतो आहे हे आधी पाहावं.