डॉक्टरचं कोरं बोट

“मग तुमच्या गावाला धड पाय नकोत का, भंते?”

डॉक्टर सौमित्र हर्डीकरने हे विचारलं, तेव्हा भंते उपशांत विहाराच्या पायरीवर बसून स्वतःचा डावा पाय धूत होते.

पाय कसला… मोहबोडीची माणसं सांगत, की भंते कुठेही दोनदा पोचतात. आधी पाय पोचतो, मग भंते. हत्तीरोगाने गुडघ्याखाली त्याचं उखळ झालं होतं. भंते त्याला रोज साबण लावत, बोटांच्या बेचक्यांतलं पाणी फडक्याने टिपून घेत. लहान लेकराला न्हाऊ घालून पुसावं, तसं.

भंतेंनी फडकं पिळलं.

“तीनशे घरं आहेत,” सौमित्र म्हणाला. “समक्ष गोळी गिळली किती जणांनी? एकोणीस. त्यात चार आमचेच कर्मचारी.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे म्हणतात, भंतेंनी गोळ्या परत केल्या. मग आम्ही कशाला घ्यायच्या?”

भंतेंनी फडकं झटकून दोरीवर टाकलं.

मोहबोडी म्हणजे बारा बोड्या, बारा तळी, आणि त्यांच्या मधे पाण्याने सोडलेल्या जागेत बसवलेलं गाव. तिथले डास असे पोसलेले, की उताण्या झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवून चावत आणि जाताना पांघरूण सारखं करून जात. पांघरुणाचं खोटं असेल. पण वळवत, हे सांगणारे अजून गावात आहेत.

हे डास एकाच्या रक्तातले केसाएवढे जंतू दुसऱ्याच्या रक्तात नेऊन सोडत. वर्षानुवर्षं काही कळत नाही. माणूस हिंडतो, नांगरतो, लग्न करतो… आणि एक दिवस चप्पल पायात जात नाही.

यावर नवं संशोधन झालं होतं. एकाऐवजी तीन तऱ्हेच्या गोळ्या, एकदम. गाव मिळून घेईल तर डासाला न्यायला काही उरणार नाही. मोहीम संपायला तीन दिवस होते.

सौमित्र गेली दोन वर्षं इथल्या आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहून एका विषयावर अभ्यास करत होता : लोक गोळी का नाकारतात. त्याने कारणं शोधली होती. सतरा. टाईप करून, अनुक्रमांक घालून.

“परत का केल्यात?” त्याने विचारलं.

भंतेंनी त्याच्याकडे न बघता मागे उभ्या असलेल्या गावच्या आशा कार्यकर्तीला विचारलं. वनमालाबाई रामटेके. खांद्याला गोळ्यांची पिशवी, हातात उंची मोजायची काठी.

“वनमाला, तू कधी आली होतीस?”

“चार वाजता, भंतेजी.”

“काय सांगितलंस?”

“उपाशीपोटी घ्यायची नाही म्हणून.”

“आणि मी जेवतो कधी?”

वनमालाबाईंनी जीभ चावली. “बाराच्या आत, जी. मग थेट दुसऱ्या दिवशी.”

“मग तुला हे माहीत नव्हतं?”

“मले होतं.” त्यांनी हळूच सौमित्रकडे पाहिलं. “पण वेळ सरांनी लावून दिली ना. चार ते सहा.”

सौमित्रच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शेतावरून माणसं परततात म्हणून ती वेळ. कागदावर फार शहाणी दिसली होती.

“तुझ्या त्या कारणांत मी कितवा?” भंतेंनी विचारलं.

“…अकरावा.”

“काय लिहिलंय?”

“धार्मिक गैरसमज.”

भंते हसले नाहीत. त्यानेच जास्त लागलं.

“आत्ता साडेदहा झालेत,” ते म्हणाले. “भात आलाय. काठी आण.”

सौमित्रला वाटलं, सुटलो. विहारात शिरल्यावर भंतेंची उंची मोजली गेली. काठीवरच्या खुणेप्रमाणे गोळ्या निघाल्या. त्याने त्या स्वतः, भिक्षूला दान देतात तशा दोन्ही हातांनी पुढे केल्या. भंतेंनी घेतल्या. पात्र समोर ओढलं. भाताबरोबर वाल होते.

दोन घास झाले.

“माझा पाय उतरेल?”

“नाही.” सौमित्रने खोटं सांगितलं नाही. एवढं त्याच्या पदरात घालायला हवं. “पाय असाच राहील.”

“मग मी का घेऊ?”

“तुमच्या रक्तात अजून जंतू असतील तर डास ते दुसऱ्याला देतील. म्हणून.”

“म्हणजे माझ्यासाठी नाही. गावासाठी.”

“हो. बरोबर.” शिष्याला धडा एकदाचा समजला, अशी त्याने मान हलवली.

भंतेंनी घास खाली ठेवला.

“आणि तू कुणासाठी घेत नाहीस?”

वनमालाबाई पिशवीची चेन उघडू लागल्या. मग लावू लागल्या.

“मी… मी इथला नाही, भंते.”

“डासाला सांगितलंस?”

“मी घेतली असेल. शहरात. आठवत नाही.”

“बोट दाखव.”

गोळी गिळली की डाव्या हाताच्या तर्जनीवर शाईचा ठिपका लावायचा, हा मोहिमेचा नियम. गेले दहा दिवस सौमित्र सभांत बोलायला उभा राहिला, की सगळं गाव त्याच्या डाव्या हाताकडे बघायचं. घड्याळ आवडतं वाटतं यांना, अशी त्याची समजूत होती.

“शाई धुतली जाते,” तो म्हणाला.

“माही नाही गेली जी,” वनमालाबाई म्हणाल्या. “राखेनं भांडी घासते मी.”

आता खरी गोष्ट सांगायला हवी. ती वनमालाबाईंना ठाऊक नव्हती, सौमित्रच्या मार्गदर्शक सरांना नव्हती, त्याच्या आईलाही नव्हती.

सौमित्र रोज सकाळी दाराला कडी लावायचा. पलंगावर बसून नडगीवर अंगठा दाबायचा आणि उचलून बघायचा, खळगा राहतो का. मग टेपने घोटे मोजायचा. एखाद्या दिवशी डावा जाड भरे. पुन्हा मोजला की उजवा. एकदा तर दोन्ही एकमेकांपेक्षा जाड भरले. त्या दिवशी तो जेवला नाही.

कारण ही गोळी चुगलखोर होती. रक्तात जंतू नसतील तर बहुतेकांना काही होत नाही. असतील, तर ते मरू लागतात आणि माणसाला ताप चढतो. सौमित्र हे प्रत्येक सभेत सांगे. वर हसून म्हणे, “ताप आला तर आनंद माना.”

“भंते,” त्याचा आवाज बारीक झाला, “मला ताप आला तर?”

“लोकांना काय सांगतोस?”

“आनंद माना.”

“मग?”

“मला… नाही होत आनंद.”

“हे सतरांत कुठे आहे?” भंतेंनी विचारलं.

“नाही आहे.”

भंतेंनी पात्रातला अर्धा भात ताटलीत काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

“खा.”

“मला भूक—”

“भुकेचं कोण विचारतंय? उपाशीपोटी घ्यायची नाही ना?”

सौमित्रने भात खाल्ला. वाळू खावी तसा. वनमालाबाईंनी त्याला भिंतीपाशी उभं करून काठी लावली.

“वाकू नका जी. उंची कमी भरते.”

त्यांनी गोळ्या त्याच्या तळहातावर मोजून ठेवल्या. भंतेंनी आपल्या उचलल्या. दोघांनी एकदम तोंडात टाकल्या, चावायची ती चावली, पाणी प्यायलं. वनमालाबाईंनी नियमाप्रमाणे दोघांना तोंड उघडायला लावून आत पाहिलं. सौमित्रला जीभ उचलायला लावली. भंतेंना नाही.

मग शाई लागली.

“मी केंद्रावर जातो,” सौमित्र उठत म्हणाला. “काही वाटलं तर पडून राहीन.”

“एकटा?”

“हो.”

“दोन वर्षं एकट्यानेच वाट बघितलीस ना?” भंते म्हणाले. “बस.”

तो बसला.

डॉक्टरने गोळी खाल्ली, ही बातमी बारा वाजायच्या आत बाराही बोड्यांच्या काठाने फिरून पुन्हा विहारापाशी आली. येताना थोडी मोठी होऊन आली. कुणी म्हणालं, भंतेंनी मांडीवर घेऊन भरवली. कुणी म्हणालं, डॉक्टर रडला. हे दुसरं पूर्ण खोटं नव्हतं.

तीन वाजेतो कुंपणापाशी तीसेक माणसं उकिडवी बसली. वेळ भरलेल्या गाईकडे बघत बसावं, तशी.

सदाशिव बुढा सगळ्यांत पुढे. पाच गावांत त्याच्यासारखा नाही म्हणणारा नव्हता. पोलिओला नाही, रक्त तपासायला नाही, जनगणनेलाही त्याने नाहीच सांगितलं होतं.

“आला काय जी?” त्याने कुंपणावरून विचारलं.

“काय?”

“ताप.”

“नाही.”

“पहा बापा नीट.”

सौमित्रने घड्याळ पाहिलं. चार तास झाले. पाच. त्याने कपाळाला हात लावला, मग हात गार आहे की कपाळ गरम, हे कळेना म्हणून दुसरा हात लावला. भंते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत. नसावेतही.

त्यांचा तो पाय सौमित्रच्या समोरच पसरला होता. कुठेही बघितलं तरी नजर शेवटी तिथेच येई.

“भंते, हा सुरू कसा झाला?”

“चप्पल घट्ट वाटली.”

“मग?”

“चांभारावर रागावलो.” भंतेंनी डोळे उघडले नाहीत. “सहा महिने त्याच्यावरच रागावत होतो.”

सौमित्रने स्वतःचे मोजे वर ओढले. मग खाली केले.

साडेपाचला वारं सुटलं. सौमित्र शहारला. वाऱ्यामुळे असेल. वारं पडलं, शहारा नाही पडला. दात एकमेकांवर वाजू लागले. त्याने जबडा आवळून धरला, तर गुडघे वाजू लागले. पाठीतून गारवा वर सरकला आणि डोक्यात पोचेपर्यंत त्याची आग झाली.

“भंते…”

“हं.”

“दार लावा. लोक बघतायत.”

भंते उठले. त्या पायानिशी उठायला त्यांना वेळ लागे. एक हात भिंतीला, एक हात मांडीला. दारापर्यंत पोचले. दाराची एक फळी उघडी होती, एक बंद.

त्यांनी दुसरी उघडली.

“अहो, भंते…”

“आला ताप,” भंते बाहेर बघून म्हणाले. सांजेला गाय घरी आली, हे सांगावं तसं.

सौमित्रने गुडघ्यांत तोंड घातलं. संपलं सगळं. आता तीनशे घरांत एक माणूस गोळीला हात लावणार नाही. आणि जंतू आहेत. किती वर्षांचे, कोण जाणे… आई विचारेल तेव्हा काय सांगायचं?

कुणीतरी जवळ आलं. खरखरीत हाताची मागची बाजू त्याच्या कपाळाला लागली.

“तापला खरंच,” सदाशिव बुढा म्हणाला. “सभेत सांगत होता तेच झालं याचं.”

“मरत तर नाही ना?” मागून एका बाईने विचारलं.

“मरत कशाला? थरथरून राहिला नुसता. पाणी आणा वो.”

पाणी आलं. घोंगडी आली. ती कुणाच्या घरची, हे विचारायचं भान सौमित्रला नव्हतं. वनमालाबाईंनी तापाची गोळी दिली आणि सभेत सांगतात तोच त्याचा धडा त्याला ऐकवला, शब्द न शब्द : घाबरायचं नाही, एक-दोन दिवसांत उतरते, जंतू मरून राहिले. एवढ्या वेळा त्याने तो म्हटला होता. ऐकला पहिल्यांदाच.

“आमच्या घरात कोणाचा ताप उतरला नसता तर, वनमाला?” सदाशिव बुढ्याने विचारलं.

“मग मी होतीच की. रोज येऊन पाहिलं असतं.”

“हे आधी कोणी सांगतलं नाही.”

“सांगितलं होतं जी.”

“सांगतलं असंल,” बुढा म्हणाला. “दिसलं नव्हतं.”

आणि त्याने डावा हात पुढे केला, बोट ताठ धरून.

“आधी गोळी,” वनमालाबाई म्हणाल्या. “मग शाई. जेवले का?”

“जेवूनच आलो.”

मागची बाईही जेवून आली होती. तिच्यामागचे दोघे भाऊही. दुपारपासून कुंपणाशी बसलेली ती माणसं आळीपाळीने घरी जाऊन, पोटभर जेवून परत येत होती, हे सौमित्रच्या लक्षातच आलं नव्हतं. तो आपलं कपाळ चाचपत होता.

विहारातल्या चटयांवर माणसं दाटीने बसू लागली. काठी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. एक म्हातारी, काठीला टाचा उंचावून उभी राहिली म्हणून, सगळ्यांच्या शिव्या खात होती.

सौमित्र घोंगडी धरून उठला. नाव लिहायला हवं, समक्ष गिळलेलं बघायला हवं, ते त्याचं काम. भिंतीपाशी एक लोखंडी खुर्ची होती. पाहुण्यांची. तो तिच्याकडे निघाला आणि दोन पावलांत त्याचे पाय लटपटले.

“भंते,” तो म्हणाला, “माझा पाय…”

पुढचं त्याच्याने विचारवलं नाही.

भंतेंनी त्याचा दंड धरला. खुर्चीकडे नेलं नाही. चटईकडे वळवलं. तिथे बोटभर जागा नव्हती.

“सरकून बसा जरा,” भंते लोकांना म्हणाले. “गावात नवीन माणूस आलाय.”