धाकट्या रायफलीचा पल्ला

शके अठराशे साठचा मार्गशीर्ष होता. दाजीबा रावराण्यांच्या ओटीवर दोन रायफली टांगलेल्या असत. थोरलीची गोळी अंगठ्याएवढी. ती दरीपलीकडचे रानडुक्कर पाडी. धाकटीची गोळी शेंगदाण्याएवढी. ती ससे नि तितर मारी. धाकटी दिवसभर पलीकडच्या डोंगराकडे बघत राही. आपल्या गोळीने तिथले सावज एकदा तरी पाडावे, एवढेच तिला हवे होते.

एकदा शिकारीत त्याच डोंगराच्या उतारावर रानडुक्कर दिसले. "दाजी, आज मला!" धाकटीने हट्ट धरला. दाजीबांनी ऐकले. गोळी वाटेतच दमली आणि डुकराला नुसती बोचली. चवताळलेले डुक्कर दरी ओलांडून दाजीबांवर धावून आले. थोरलीने ते त्यांच्या पायाशी लोळवले.

"डोळ्यांना दिसते ते सगळे हाताला लागत नाही, बाई," थोरली म्हणाली.

"तुझे ऋण राहिले, आक्का." पण डोंगराकडे बघणे धाकटीला सुटले नाही.

माघात पिसाळलेला कोल्हा अंगणात शिरला. त्याच्यामागे कुडाची भिंत होती आणि भिंतीआड दाजीबांची बाळंतीण सून. दाजीबांनी सवयीने थोरलीला हात घातला.

"मला खाली ठेवा!" थोरली ओरडली. "माझी गोळी कोल्ह्यात थांबायची नाही, कूड फोडून आत जाईल. धाकटे, तू जा."

"मी? माझा जोर तो केवढा!"

"तेवढाच हवाय."

धाकटी गेली. कोल्हा जागीच पडला. कूड शाबूत राहिला. आत बाळ दचकून रडले आणि सुनेने त्याला पदराखाली घेतले.

थोरलीच्या गोळीने होणारा घात टळला आणि धाकटीवरचे तिचे ऋण फिटले.