विस्तवाची साक्ष

फार वर्षांपूर्वी, आपली सावळेवाडी जेव्हा एका लहानशा संस्थानात होती आणि नदीपलीकडे दुसऱ्याच राजाचा मुलूख होता, तेव्हा या गावात म्हाळसाकाकू राहायच्या. त्यांचे यजमान कचेरीतल्या कागदांच्या नकला करायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा काकू अक्षरं शिकल्या आणि राहिलेल्या नकला स्वतःच उतरवू लागल्या. बाईच्या हातात लेखणी म्हणजे तेव्हा नवलच. पण रोज तेच कायदे लिहून काकूंना ते पाठ झाले. असं म्हणतात, की भाकरी थापताना त्या कायद्याची कलमं पुटपुटायच्या, आणि एखादं कलम चुकलं तर भाकरी फुगायची नाही.

एकदा नदीपलीकडे मोठा दुष्काळ पडला. तिकडून घोंगड्या विणणारी चाळीस कानडी कुटुंबं नदी ओलांडून आली आणि आपल्या वरच्या माळावर राहिली. त्यांनी माग मांडले, मेंढ्या पाळल्या. बारा वर्षं गेली. गावाच्या अंगावर त्यांच्या घोंगड्या आल्या आणि त्यांच्या तोंडी गावाची भाषा आली, थोडी वाकडीतिकडी.

मग कचेरीत नवा कारभारी आला. त्यानं दवंडी पिटवली, की ज्याचं नाव गावाच्या दप्तरात नाही, त्यानं संक्रांतीच्या आत नदीपलीकडे परत जावं. पलीकडे तर त्यांची घरंही उरली नव्हती.

माळावरची सायव्वा रडत काकूंकडे आली. काकूंनी तिला पाणी दिलं आणि कायदा सांगितला. ज्याची चूल गावात बारा वर्षं पेटली, आणि ती पेटताना पाहिली असं पाच गावकऱ्यांनी सांगितलं, तो गावकरी. फक्त अर्ज करायला हवा. सायव्वा म्हणाली, तिला अर्ज काय असतो तेच माहीत नाही. काकू म्हणाल्या, "मला माहीत आहे. उद्यापासून पारावर या, सगळे."

बारा दिवस काकू पारावर बसून होत्या. एकेका घराला विचारायच्या, कधी आलात, कुठे राहिलात, पोरं कुठे झाली, आणि लिहून घ्यायच्या. असं म्हणतात, की त्यांच्या दौतीतली शाई चाळिसावा अर्ज पुरा होईपर्यंत तसूभरही उतरली नाही. संध्याकाळी त्या सगळ्यांना समोर बसवून कचेरीतले प्रश्न विचारायच्या. चुकणारा हसायचा, मग सगळेच हसायचे.

अर्ज झाले, पण साक्षीदार मिळेनात. पाटील बघू म्हणाले. बाकीचे पुरुष पाटलांकडे बघू लागले. नव्या कारभाऱ्याशी वाकडं कोण घेणार?

काकू चिडल्या, दोन दिवस पुन्हा दारोदार फिरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची चूल विझली होती, म्हणून त्या खापरी घेऊन शेजारी विस्तव मागायला निघाल्या. आणि दारातच थांबून एकट्याच हसल्या. गावातली कोणती बाई माळावरून कधी विस्तव घेऊन आली नव्हती?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गावातल्या बायका कचेरीकडे निघाल्या. पाच नव्हे, साठ. प्रत्येकीच्या हातात खापरी, आणि खापरीत माळावरच्या चुलीतला विस्तव. मागून चाळीस कुटुंबं. वाटेत ओढा छातीभर होता. असं म्हणतात, की त्यांनी खापऱ्या डोक्यावर धरल्या, पाण्याचे शिंतोडे उडाले, पण एकही निखारा विझला नाही.

कारभारी म्हणाला, बायकांची साक्ष चालत नाही.

काकू म्हणाल्या, "साहेब, कलमात 'पाच गावकरी' एवढंच आहे. ते मीच उतरवून काढलंय. आणि दुसऱ्याच्या घरची चूल पेटलेली पुरुष कधी बघतात?"

"पण हे लोक बाहेरचे आहेत."

"मीही बाहेरचीच. नवव्या वर्षी लग्न होऊन आले. या साठ जणीही सासरी आलेल्या. आम्हाला कोणी कागद मागितला नाही."

कारभाऱ्यानं सायव्वाला पुढे बोलावलं आणि विचारलं, हे गाव तुझं कशावरून? सायव्वानं काकूंकडे पाहिलं. काकूंनी मुद्दामच मान खाली घातली. मग सायव्वा स्वतः बोलली, "साहेब, माझे दोन पोर इथं जन्मला. एक पोर इथंच पुरला. त्याला सोडून मी कुठं जाऊ?"

असं म्हणतात, की तेवढ्यात साठही खापऱ्यांतले निखारे आपोआप फुलले आणि कचेरीच्या भिंती तांबूस झाल्या. कारभाऱ्यानं दप्तर मागवलं. दिवस मावळायच्या आत चाळीस घरांची नावं त्यात चढली. शेवटचं नाव त्यानं काकूंनाच लिहायला सांगितलं.

परतताना बायकांनी ओढ्याकाठी त्याच विस्तवावर वांगी भाजली. पाटीलही जेवायला आले. त्यांना कोणी काही बोललं नाही, फक्त करपलेलं वांगं वाढलं.

त्या पाराला आजही म्हाळसाकाकूंचा पार म्हणतात. दर सोमवारी बाजाराच्या दिवशी गावातले लिहिते हात तिथे बसतात. वीटभट्टीवरचे, उसाच्या फडावरचे, कुठून कुठून आलेले लोक कागद घेऊन येतात. त्यांचे अर्ज भरले जातात, आणि कचेरीत त्यांना कधी एकटं पाठवत नाहीत. गावातला एक माणूस बरोबर जातोच. तिथला साहेब त्याला विचारतो, "तुम्ही यांचे कोण?"

सावळेवाडीचा माणूस सांगतो, "शेजारी," आणि बाकावर सरकून दुसऱ्याला जागा करून देतो.