कोऱ्या जागेतला मान

सॉफ्टवेअर कंपनीचे मालक राजेशिर्केसाहेब म्हणजे मानाचे भारी भुकेले. वर्धापनदिनासाठी कंपनीतल्या प्रोग्रामर ऋजुतानं जावा या संगणकभाषेत प्रोग्राम लिहून कंपनीचं झाड, म्हणजे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नावांचा तक्ता, छापलं. त्यातलं प्रत्येक नाव स्वतःला छापायचं आणि हाताखालच्यांना थोडं आत सरकून उभं राहायला सांगायचं.

साहेब कडाडले, "डावीकडे एवढी कोरी जागा? कागद काय फुकट येतो? काढा ती, नाहीतर नोकरी सोडा!"

ऋजुतानं जागा काढली. नवा तक्ता भिंतीवर लागला. राजेशिर्के, खाली त्यांचा ड्रायव्हर, त्याखाली मॅनेजर, मग शिपाई, सगळे डाव्या कडेला चिकटून एका रेषेत!

पाहुण्यांनी विचारलं, "मॅनेजर ड्रायव्हरच्या हाताखाली काम करतात वाटतं?"

साहेब लालबुंद झाले. "अहो ऋजुताबाई, कोण कुणाचा साहेब, हे यात लिहिलंय कुठे?"

"लिहिलं होतं ना साहेब," ऋजुता म्हणाली, "त्या कोऱ्या जागेत."