चिंचेची सावली

फार मागची गोष्ट. एका माळावरच्या जनावरांत म्होरक्या निवडायची रीत साधी होती. भर दुपारी सगळे तळ्याकाठी जमत. शेळ्यांचा उमेदवार चिंचेखाली उभा राही, मेंढ्यांचा बाभळीखाली. ज्याच्या सावलीत डोकी जास्त, तो म्होरक्या. शेळ्या कायम चिंचेखाली जात, मेंढ्या बाभळीखाली. कुणी विचारलंच, तर "आमचं ठरलेलं असतं" म्हणत.

एका वर्षी तळं गाळाने भरत आलं. कबरी शेळीचं करडू त्याच गाळात रुतून मेलं. तेव्हा म्हातारं कासव निवडणुकीला उभं राहिलं. त्याचं असं झाड नव्हतं, म्हणून ते मधोमध उन्हातच थांबलं.

"सगळे मिळून गाळ काढू," ते म्हणालं, "नाहीतर तळं आटेल. कबरे, तू तरी ये."

कबरीने मान खाली घातली. "तुमचं पटतं हो, कासवबाबा. पण एवढ्या उन्हात कोण उभं राहणार? आणि कळपात मला काय म्हणतील?" एवढं बोलून ती चिंचेखाली गेली.

शेळ्या जिंकल्या. गाळ तसाच राहिला. उन्हाळ्यात तळं आटलं. कासव नदी शोधायला गेलं, ते परत आलंच नाही. काठावरची चिंचही वाळली आणि एका वावटळीत पडली.

पुढच्या निवडणुकीला निम्म्याच शेळ्या उरल्या होत्या. चिंचेच्या जागी नुसता बुंधा होता. कबरी त्या बुंध्यापाशी गेली आणि रखरखत्या उन्हात दुपारभर उभी राहिली.